घाटमाथ्यावर घुसणारं परकं स्टेशन : एफएम ट्रान्समीटरचा एक प्रकरण अभ्यास

तक्रार काय होती

गाडी जुनी आहे, पण इंजिन धडधाकट. कंपनीतून आलेला रेडिओ-सीडी प्लेअर अजून तसाच आहे. त्याला ऑक्सचं भोक नाही, ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही. गाडी चालवणाऱ्या ताईंना मोबाइलवरची व्याख्यानं आणि ध्वनिपुस्तकं ऐकायची असतात, म्हणून त्यांनी लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ एफएम ट्रान्समीटर घेतला. मोबाइल ब्लूटूथने ट्रान्समीटरला जोडायचा, ट्रान्समीटर आणि रेडिओ दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर लावायचे, की मोबाइलमधला आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो. त्यांनी लक्षात राहायला सोपी म्हणून १००.० मेगाहर्ट्‌झ निवडली होती.

घर एका खोऱ्यात, कामाचं ठिकाण डोंगरापलीकडच्या शहरात, आणि मध्ये घाट. तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी: "दादा, घरासमोर गाडी उभी असते तेव्हा आवाज ठीक असतो. थोडी खरखर असते, पण चालतं. घाट चढायला लागले की मध्येच गाणी घुसतात. माथ्यावर तर माझं व्याख्यान बंदच होतं, दुसरंच स्टेशन बोलायला लागतं. जास्त पॉवरचा ट्रान्समीटर मिळतो म्हणतात, तो मागवू का?"

"ताई, मागवू नका. आधी नेमकं काय होतंय ते ऐकून घेऊ," असं मी म्हणालो, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण अशा तक्रारीत जवळजवळ प्रत्येकाचं बोट ट्रान्समीटरच्या ताकदीकडे जातं, आणि खरं उत्तर बहुतेक वेळा रेडिओच्या अँटेनाला त्या क्षणी काय-काय ऐकू येतंय यात असतं.

उभ्या गाडीत काय दिसलं

पहिली तपासणी अगदी साधी होती. इंजिन बंद, चावी अ‍ॅक्सेसरीवर, रेडिओ १००.० वर, ट्रान्समीटर काढलेला. स्पीकरमधून भरघोस खरखर आली. म्हणजे घरापाशी ही फ्रिक्वेन्सी खरोखर रिकामी होती. मग ट्रान्समीटर लावला, पण मोबाइलवर काहीच वाजवलं नाही. एफएमचा एक गुण इथे कामाला येतो. वाहक लहरी पुरेशा जोराने पोहोचल्या, तर त्यांच्यावर आवाज चढवलेला नसतानाही रेडिओची खरखर दबते. शांतता जितकी खोल, तितका सिग्नल चांगला. कुठलंही यंत्र न वापरता सिग्नलची ताकद अजमावायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. इथे खरखर दबली, पण पूर्ण गेली नाही. मागे एक बारीक ‘स्स्स’ राहिलाच.

गाण्यात तो ऐकू आला नसता. व्याख्यानात वक्ता श्वास घ्यायला थांबतो, आणि नेमक्या त्या थांब्यांत ही सुसकारी उघडी पडते. त्यामुळे ‘गाणी बरी वाजतात, बोलणं खराब येतं’ अशी तक्रार आली की ती कानांचा भ्रम म्हणून सोडून देऊ नये.

मग ट्रान्समीटर हातात धरून हलवून पाहिला. ताईंनी दोन फाट्यांचा सॉकेट लावला होता: एकात ट्रान्समीटर, दुसऱ्यात डॅशकॅमचा चार्जर. फाट्यामुळे ट्रान्समीटर खाली, पायांपाशी, कन्सोलच्या लोखंडी चौकटीला खेटून लोंबत होता. रेडिओची अँटेना मात्र छताच्या मागच्या टोकाला, काचेच्या वर उभी. दोघांत सरळ रेषेत दोन मीटरहून जास्त अंतर, आणि मध्ये सीट, पत्रा, छत. ट्रान्समीटर वायरीसकट वर उचलून दोन सीटांच्या मध्ये धरला, तेव्हा सुसकारी स्पष्ट कमी झाली. खाली सोडला की परत आली.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते. गाडीच्या खिडक्या त्या मानाने लहान भोकं. लहरी काचेतून बाहेर पडतात, पण धातूच्या पेटीतून निसटताना त्यांची बरीच ताकद आतच राहते. छतावरची अँटेना छताच्या पत्र्यालाच आपली ‘जमीन’ (विजेचा आधार, ग्राउंड) मानून काम करते, आणि पत्र्याच्या वरच्या बाजूचंच जास्त ऐकते. आपल्याच गाडीच्या पोटातलं तिला तितकंसं ऐकू येत नाही. म्हणून ट्रान्समीटर अँटेनाच्या बरोबर खाली ठेवला की उत्तम, असंही नसतं. तिथे मध्ये पत्रा असतो. मागच्या दाराच्या काचेजवळ ठेवलेला ट्रान्समीटर पुष्कळदा जास्त चांगला चालतो. अँटेना मागच्या काचेवर छापलेली असेल किंवा बॉनेटच्या बाजूला उभी असेल, तर हिशेब पुन्हा बदलतो. आधी अँटेना शोधायची, मग ट्रान्समीटरची जागा ठरवायची, हा क्रम मी कधी मोडत नाही.

आवाजाची पातळी : दुसरा आजार

घाटाकडे वळण्याआधी एक गोष्ट घरासमोरच सापडली. रेडिओचा व्हॉल्यूम न हलवता ट्रान्समीटरवरून एका नेहमीच्या स्टेशनवर गेलो, तर स्टेशन दणदणीत वाजलं. ताई म्हणाल्या, "हो, असं नेहमीच होतं. मी दचकते." मोबाइलचा व्हॉल्यूम पाहिला, तर तो निम्म्याखाली होता.

एफएममध्ये आवाज जितका मोठा, तितकी वाहक लहरीची फ्रिक्वेन्सी मधल्या जागेपासून जास्त सरकते. एफएम प्रसारणात ही सरक दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्‌झ ठेवतात. मोबाइलकडून आवाज हळू आला की सरक थोडी होते, रेडिओतून हळू आवाज येतो, आणि आपण रेडिओचा व्हॉल्यूम चढवतो. त्यासोबत खरखरही चढते. सरक निम्मी झाली की आवाज आणि खरखर यांच्यातलं अंतर ६ डेसिबलने घटतं (डेसिबल म्हणजे सिग्नलमधला फरक मोजायचं एकक; दर १० डेसिबलला शक्ती दहा पट). ट्रान्समीटर तोच, जागा तीच, तरी केवळ मोबाइलच्या एका बटणामुळे सिग्नलची गुणवत्ता वाया जात होती.

मोबाइल जवळजवळ पूर्ण चढवला आणि रेडिओ त्या प्रमाणात खाली आणला. सुसकारी लगेच मागे गेली. पण शेवटच्या खाचेवर ‘स’, ‘श’ आणि ‘च’ फाटायला लागले. तेही अपेक्षितच होतं. खरखर कमी करण्यासाठी एफएममध्ये उंच स्वर पाठवतानाच वाढवून पाठवतात आणि रेडिओ ते परत खाली आणतो. या वाढीचं माप जगात बहुतेक ठिकाणी ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेत ७५. त्यामुळे आवाज मर्यादेबाहेर गेला की सगळ्यात आधी ऊष्म व्यंजनं चिरकतात. दोन खाचा खाली आलो, ‘शास्त्र’ हा शब्द स्वच्छ ऐकू आला, तिथे थांबलो.

आता स्टेशन आणि ट्रान्समीटर साधारण सारख्या जोराने वाजायला लागले. ही तुलना घरच्या घरी करता येते आणि ती चांगली फूटपट्टी आहे. फक्त स्टेशनवाले आवाज दाबून भरलेला पाठवतात, त्यामुळे ते किंचित जास्त मोठं वाटलं तरी चालेल.

ताईंनी एक उपाय आधीच करून पाहिला होता. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज मोनो केला होता. कल्पना रास्त होती, कारण स्टीरिओ एफएमला मोनोपेक्षा साधारण २० डेसिबल जास्त चांगला सिग्नल लागतो. पण याने फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. ट्रान्समीटर १९ किलोहर्ट्‌झचा पायलट स्वर पाठवतच राहतो. तो दिसला की रेडिओ स्टीरिओत जातो आणि ३८ किलोहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्यातून डाव्या-उजव्याचा फरक उकलतो. एफएममधली खरखर फ्रिक्वेन्सीबरोबर वाढत जाते, त्यामुळे त्या वरच्या पट्ट्यात ती सर्वांत जास्त असते. मोबाइलने दोन्ही कानांना सारखाच आवाज दिला, तर त्या पट्ट्यात आवाज काहीच नसतो, पण खरखर असतेच, आणि रेडिओ ती इमानेइतबारे स्पीकरमध्ये ओततो. मोनो करायचं तर पायलट बंद व्हायला हवा, म्हणजे ती सोय ट्रान्समीटरमध्ये किंवा रेडिओवर पाहिजे. या दोन्हींत ती नव्हती.

इंजिनाची शीळ थोडक्यात उरकतो. इंजिन सुरू केल्यावर एक बारीक शीळ यायची आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा स्वर चढायचा. ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची वीज तयार करणाऱ्या यंत्राची. डॅशकॅमचा चार्जर आणि फाट्याचा सॉकेट काढून टाकल्यावर ती जवळजवळ गेली. डॅशकॅमला दुसरीकडून वीज दिली. स्वस्त चार्जरमधली स्विचिंगची गडबड एफएम पट्ट्यापर्यंत पोहोचते, त्यामुळे ट्रान्समीटरच्या शेजारी दुसरा चार्जर नसलेला बरा.

घाटात

या दुरुस्त्यांनी घरासमोरचं ऐकणं सुधारलं. मूळ तक्रार घाटातली होती, म्हणून गाडीत बसून वर गेलो. ताई चालवत होत्या, मी रेडिओकडे पाहत होतो.

अर्ध्या चढापर्यंत काही नाही. मग एका वळणावर व्याख्यानाच्या वाक्यात फडफड झाली. आवाज हळूहळू गढूळ होत गेला नाही. अर्धा शब्द वक्त्याचा, अर्धा गाण्याचा, पुन्हा वक्त्याचा, अशी तुकड्यांची सरमिसळ होती. वळण संपलं, डोंगर आड आला, व्याख्यान पूर्ववत. पुढच्या वळणावर फडफड परत, या वेळी जास्त. माथ्यावर पोहोचेपर्यंत गाणं एकटंच उरलं. डिस्प्लेवर १००.० च्या जागी एका अनोळखी स्टेशनचं नाव झळकलं, आणि थोड्या वेळाने रेडिओने आपण होऊन फ्रिक्वेन्सी बदलली. बटणाला कुणी हात लावला नव्हता.

या एवढ्या निरीक्षणात निदान पूर्ण होतं.

फडफडीपासून सुरू करू. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले, तर एफएम रेडिओ त्यांची बेरीज ऐकवत नाही. जो थोडा जोरदार असेल त्याला धरतो आणि दुसऱ्याला दाबतो. यासाठी काही डेसिबलचा फरक पुरतो. दोघे बरोबरीचे असले की पकड इकडून तिकडे उडत राहते. चालत्या गाडीत बाहेरच्या स्टेशनचा सिग्नल डोंगर-कडे-वाहनांवरून परतलेल्या लहरींशी मिसळून कधी भरतो, कधी ओसरतो, आणि हा चढउतार साधारण अर्ध्या लहरीइतक्या, म्हणजे दीड मीटरच्या अंतराने येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे सेकंदाला अकरा-एक वेळा पारडं झुकायची शक्यता. शब्दांचे तुकडे पडले ते यामुळे. ट्रान्समीटरचा सिग्नल या सगळ्या वेळात तसाच्या तसा होता. तो गाडीबरोबर प्रवास करत होता. बदलत होता तो फक्त समोरचा.

नाव झळकणं हा दुसरा पुरावा. स्टेशनचं नाव आरडीएस या व्यवस्थेतून येतं, ५७ किलोहर्ट्‌झच्या उपवाहकावर. ताईंचा ट्रान्समीटर असं नाव पाठवत नव्हता. डिस्प्लेवर नाव आलं, म्हणजे त्या क्षणी रेडिओच्या हातात पूर्णपणे परकं स्टेशन होतं. आरडीएसमध्ये त्याच कार्यक्रमाच्या पर्यायी फ्रिक्वेन्सींची यादीही असते. रेडिओने ती वाचली, तिथला सिग्नल जास्त चांगला दिसला, आणि तो तिकडे गेला. ताईंना वाटत होतं की रेडिओ बिघडलाय. रेडिओ त्याला शिकवलेलं काम करत होता. मेनूत जाऊन पर्यायी फ्रिक्वेन्सीची सोय, म्हणजे ‘एएफ’, बंद केली. वाहतुकीच्या घोषणांची ‘टीए’ही बंद केली. त्यामुळे निदान उडी मारणं थांबलं.

पण हे स्टेशन घरापाशी का नव्हतं? एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांना क्षितिज असतं. वातावरणातलं वाकणं धरून त्या क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये काढायचं, तर मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घेऊन ४.१२ ने गुणायचं, आणि दोन्ही टोकांची अंतरं मिळवायची. मनोऱ्यावरचा अँटेना १५० मीटरवर आणि गाडीचा दीड मीटरवर धरला, तर साधारण ५५ किलोमीटर येतात, तेही मध्ये सपाट जमीन असेल तर. खोऱ्यात डोंगर आड असतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पण गाडी आसपासच्या प्रदेशापेक्षा ६०० मीटर वर गेली, की हेच अंतर १५० किलोमीटरच्या घरात जातं. खोऱ्यात जी फ्रिक्वेन्सी ओसाड असते, ती माथ्यावर तीन-तीन स्टेशनांनी वापरलेली असू शकते.

पॉवर वाढवून का भागत नाही

ताईंचा मूळ प्रश्न हा होता, म्हणून इथे जरा थांबतो. त्यांच्या ट्रान्समीटरच्या कागदावर ५० नॅनोवॉट असा आकडा होता. युरोपात अशा उपकरणांना हीच कमाल मर्यादा आहे. अमेरिकेत मर्यादा वेगळ्या रीतीने सांगतात: ३ मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. दोन्ही आकडे एका मोजपट्टीवर आणले तर अमेरिकी मर्यादा आणखी कडक निघते, सुमारे ११ नॅनोवॉट.

५० नॅनोवॉट मोकळ्या जागेत २ मीटरवर सुमारे ०.८ मिलिव्होल्ट प्रति मीटर इतकं क्षेत्र, म्हणजे त्या जागी लहरींची ताकद, देतात. गाडीचा पत्रा त्यातलं बरंच खातो, पण ताईंच्या बाजूने म्हणून ते सोडून देऊ. आता समोर १० किलोवॉटचं स्टेशन घ्या, ६० किलोमीटरवर, आणि माथ्यावरून त्याच्यापर्यंत सरळ दृष्टिरेषा. त्याचं क्षेत्र येतं सुमारे ११.७ मिलिव्होल्ट प्रति मीटर. साठ किलोमीटरवरचा मनोरा दोन मीटरवरच्या ट्रान्समीटरपेक्षा १५ पट जोरदार. नुसती बरोबरी करायची म्हटली तरी शक्ती १५ चा वर्ग, म्हणजे २२५ पट वाढवावी लागेल.

आणि बरोबरी पुरत नाही. बरोबरीत फडफड असते. एकाच फ्रिक्वेन्सीवर परक्या स्टेशनचा स्टीरिओ आवाजाला सततचा त्रास होऊ नये, म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत ४५ डेसिबलचं अंतर धरलेलं आहे. ते मिळवायचं तर आणखी ३० हजार पटींहून जास्त शक्ती हवी. सगळा गुणाकार केला की ट्रान्समीटर एक तृतीयांश वॉटच्या पुढे जातो. तेवढी शक्ती मोकळ्या जागेत एक किलोमीटरवर ४ मिलिव्होल्ट प्रति मीटर देते, आणि शहरात स्टीरिओ नीट ऐकू यायला २ पुरतात. म्हणजे ताईंचं व्याख्यान रस्त्यावरच्या इतरांच्या रेडिओत त्यांचं स्टेशन बुजवून वाजलं असतं. परवान्याशिवाय हे बहुतेक देशांत चालत नाही. शिवाय एफएम पट्टा १०८ मेगाहर्ट्‌झला संपतो आणि लगेच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. बाजारातल्या ‘जास्त पॉवर’च्या ट्रान्समीटरचं फेकणं किती स्वच्छ असेल, याची खात्री कोण देणार? विमानाला धावपट्टीची दिशा दाखवणारे सिग्नल १०८ च्या लागलीच वर असतात. या बाबतीत मी ताईंशी जरा कठोर बोललो, आणि त्याबद्दल मला वावगं वाटत नाही.

फ्रिक्वेन्सी निवडली ती माथ्यावर

शक्तीचा मार्ग बंद झाल्यावर उरतो तो रिकाम्या जागेचा. प्रत्येकजण फ्रिक्वेन्सी घरी निवडतो. ती निवडायची जिथून सर्वांत जास्त स्टेशनं ऐकू येतात तिथे. गाडी माथ्यावर सुरक्षित जागी उभी केली, ट्रान्समीटर काढला आणि पट्टा खालपासून वरपर्यंत एकेक पायरी हाताने चाळला. ‘सीक’चं बटण इथे कामाचं नाही, ते जोरदार स्टेशनांवरच थांबतं आणि आपल्याला हवी आहे ती शांत जागा.

आणखी एक पथ्य आहे. नुसती आपली फ्रिक्वेन्सी रिकामी असून भागत नाही, शेजारही बघावा लागतो. स्टीरिओ एफएमचं एक स्टेशन अंदाजे २५० किलोहर्ट्‌झची जागा व्यापतं. दूरसंचार संघाच्या त्याच शिफारशीनुसार शेजारी २०० किलोहर्ट्‌झवर असेल, तर आपला सिग्नल त्याच्याहून ७ डेसिबल वरचढ लागतो. ४०० किलोहर्ट्‌झवर असेल, तर तो आपल्याहून २० डेसिबल जोरदार असला तरी चालतं. आपला ट्रान्समीटर कायम दुबळाच राहणार असल्याने हा फरक आपल्यासाठी फार मोठा आहे. दोन्ही बाजूंना ०.४ मेगाहर्ट्‌झ मोकळे असलेली जागा शोधायची.

माथ्यावर अशा दोनच सापडल्या. एक ९१.५ च्या आसपास, आणि दुसरी ८७.७, पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे एकच बाजू सांभाळावी लागते. उतारावर ९१.५ ला पलीकडच्या शहरातलं स्टेशन आडवं आलं. ८७.७ टिकली. ट्रान्समीटर आणि रेडिओ दोन्हीकडे ती पक्की करून ठेवली, म्हणजे चालवताना बटणांशी खेळायला नको.

ट्रान्समीटरची जागाही बदलली. लायटर सॉकेटची एक्स्टेन्शन वायर घेऊन तो मागच्या सीटच्या बाजूला, दाराच्या काचेखाली आणला आणि नीट बांधून टाकला. काही जण अँटेनाची काडी उपसून ठेवतात. त्याने स्टेशनं दबतात हे खरं, पण ट्रान्समीटरही दबतो आणि गाडीतली विजेची गडबड तुलनेने वर येते. इथे करून पाहिलं. माथ्यावर थोडा फायदा, शहरात तोटा. काडी परत बसवली.

काय सुधारलं, काय राहिलं

परतीच्या वाटेवर घाट सबंध स्वच्छ गेला. थांब्यांतली सुसकारी पूर्ण गेली नाही, पण व्याख्यानाच्या आड येत नाही इतकी राहिली. ताईंनी नंतरच्या प्रवासांतही तसंच कळवलं.

एक जागा मात्र सुटली नाही. शहरात शिरताना रस्ता प्रसारण मनोऱ्यांच्या अगदी जवळून जातो. तिथे ८७.७ रिकामी असूनही आवाज घोगरा होतो, खरखर वाढते. कारण फ्रिक्वेन्सीत नाही. मनोऱ्यापाशी सगळ्या स्टेशनांचे सिग्नल इतके प्रचंड असतात, की रेडिओचा पहिला ॲम्प्लिफायर त्यांच्याखाली दबतो आणि दुबळा सिग्नल त्यात बुडतो. पट्ट्यात कुठेही गेलो तरी तिथे हेच होणार.

याला बिनतारी ट्रान्समीटरकडे उत्तर नाही, पण एफएमकडे आहे. वायरीचा एफएम मॉड्युलेटर रेडिओच्या मागे, अँटेनाची केबल आणि रेडिओ यांच्यामध्ये बसतो. चालू केला की तो बाहेरच्या अँटेनाचा रस्ता तोडतो आणि आपला सिग्नल केबलमधून थेट रेडिओला देतो. हवेत स्पर्धाच उरत नाही. काही महिन्यांनी ताईंनी तो बसवून घेतला. ब्लूटूथचा एक छोटा रिसीव्हर त्याच्या आवाजाच्या पिनांना जोडला. आता मनोऱ्यांखाली आणि माथ्यावर आवाज सारखाच येतो, आणि सिग्नल भरपूर असल्यामुळे स्टीरिओची खरखरही नाही. १५ किलोहर्ट्‌झच्या वरचे स्वर एफएममध्ये नसतातच, तेवढी मर्यादा राहिली. बोलण्याला ती जाणवत नाही.

बसवताना एक अडचण आली. पहिल्या दिवशी अल्टरनेटरची शीळ परत आली, कारण मॉड्युलेटरची जमिनीची वायर बॉडीला एका जागी आणि ब्लूटूथ रिसीव्हरची दुसऱ्या जागी लावली होती. दोन्ही वायरी रेडिओच्या जमिनीच्या बिंदूवर एकत्र आणल्यावर ती गेली. मॉड्युलेटरचा स्विच स्टीअरिंगखाली हाताला येईल असा बसवला आहे. तो चालू राहिला तर रेडिओवर एकही स्टेशन लागत नाही, एवढं घरातल्या दुसऱ्या चालकांनाही सांगून ठेवावं लागलं.